नवं विंडोज, जुना लॅपटॉप आणि आपली अणुव्रतं



दशलक्षण झालं, दिवाळी झाली, वहीपूजन झालं, तरी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न काही संपत नाही. "विंडोज दहा बंद झालं म्हणे. आता लॅपटॉप टाकायचा का?" कुणी नवा कोणता घ्यावा ते विचारतं. कुणाला दुकानदाराने सांगितलेलं असतं की आता बँकेतले पैसे जातील. कुणाचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, लिनक्स टाक," आणि आईला वाटतं हे खोकल्याच्या औषधाचं नाव असावं.

यावर लिहायचं ठरवलं, कारण मला हा निव्वळ मशीनचा प्रश्न वाटत नाही. आपण घरात रोज जे नियम पाळतो, ते या पडद्याजवळ आल्यावर कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. आणि दुसरं म्हणजे, घरातला मिक्सर, पाण्याचा फिल्टर, देवघरातला समईचा आकार सगळं आपण ठरवतो. कॉम्प्युटरचं मात्र "त्यांना विचारते" म्हणून सोडून देतो. वापरतं कोण? पाठशाळेचे कागद, मंडळाची वर्गणी, पापड-खाकऱ्याच्या ऑर्डरी, मुलांचे प्रोजेक्ट. बहुतेक आपणच. मग ठरवायचंही आपण.

आधी घडलंय काय ते सरळ सांगते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, त्याचा आधार काढून घेतला. आधार काढला म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. ते काल चालत होतं तसंच आज चालतं. फक्त चोरांना आत शिरता येईल अशी एखादी फट नव्याने सापडली तर ती बुजवणारा दुरुस्तीचा संच, ज्याला आपण अपडेट म्हणतो, तो यापुढे आपोआप येणार नाही.

हे समजायला आपल्या बायकांना फार कष्ट पडू नयेत. पाणी एकदा गाळलं की दिवसभराचं काम झालं असं आपण म्हणतो का? दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की पुन्हा गाळायचं. पाणी तेच, भांडं तेच, पण गाळण्याची मर्यादा संपली. अपडेटचं तसंच आहे. विंडोज १० आता न गाळता ठेवलेलं पाणी आहे. वरून स्वच्छ दिसतं.

म्हणून "काही होत नाही, आमचं मस्त चाललंय" म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मी सहमत नाही. त्या मशीनवरून फक्त भजनं ऐकत असाल आणि इंटरनेट जोडलेलंच नसेल तर गोष्ट वेगळी. पण त्यावरच नेट बँकिंग, त्यावरच आधारच्या प्रती, त्यावरच मंडळातल्या दोनशे घरांचे फोन नंबर असतील, तर तो प्रमाद आहे. आपल्याकडे हिंसेची व्याख्या करतानासुद्धा प्रमाद आधी मोजतात. शिवाय नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. आपला पेनड्राइव्ह मंदिराच्या कॉम्प्युटरला लागतो, तिथून छापखान्यात जातो.

पण दुकानदाराची भीती खरी मानायचीही गरज नाही. "ताई, हा आता भंगार झाला, पंचेचाळीसपासून नवे आहेत," हे वाक्य आपल्यापैकी अनेकींनी ऐकलंय. त्याला विचारायचे प्रश्न तीनच, आणि त्यातला पहिला प्रश्न आपणच स्वतःला विचारायचा आहे.

तो असा: आपल्या घरातलं विंडोज आपण विकत घेतलेलं आहे का?

या प्रश्नाशी मी थांबणार आहे, कारण इथे आपण सगळे नजर चुकवतो. ब्रँडेड लॅपटॉप घेतला असेल तर बहुधा विंडोज त्याच्या किमतीतच आलेलं असतं. पण गल्लीतून जुळवून घेतलेला कॉम्प्युटर, फॉरमॅट मारून आणलेला लॅपटॉप, "तीनशे रुपयांत विंडोज आणि ऑफिस टाकून देतो" म्हणणारा माणूस: तिथे काय टाकलं गेलं हे कुणी विचारलेलं नसतं. पडद्याच्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा अशी फिकट अक्षरं दिसू लागली की तो पोरगा पुन्हा येतो, पेनड्राइव्ह लावतो, अक्षरं जातात. ती कशी गेली?

आपण बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरातले घटक वाचतो. जिलेटिन नाही ना, कांदा-लसूण पावडर नाही ना, तो ई-नंबर कशाचा. लग्नात आचाऱ्याला चार वेळा विचारतो की बटाटा नाही ना पडला. इतकी चिकित्सा करणाऱ्या घरात चोरलेलं विंडोज दहा-दहा वर्षं सुखाने नांदतं, आणि त्याच पडद्यावर सकाळी आपण प्रवचन लावतो.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ केलेले आठवत असतील. त्यात एक आहे तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. दुसरा आहे प्रतिरूपक व्यवहार, खऱ्याच्या नावाखाली नकली चालवणे. तीनशे रुपयांचं विंडोज एका वेळी या दोन्हींत बसतं. राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं हाही त्यातलाच एक अतिचार, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची प्रणालीही येते, म्हणजे तिसराही आला.

यावरची उत्तरं मला पाठ आहेत. "सगळेच वापरतात." सगळेच रात्री जेवतातही. "एवढी मोठी अमेरिकन कंपनी, तिला काय फरक पडतो?" व्रत घेताना समोरच्याची श्रीमंती मोजायची असं कुठे शिकवलंय? शेठजींच्या बागेतला आंबा न विचारता तोडला तर ती चोरी नाही, असं आपण नातवंडांना सांगणार का? आणि "आम्ही नाही चोरलं, त्याने टाकून दिलं" हे उत्तर तर अतिचारांची यादी करणाऱ्यांनी आधीच ओळखून ठेवलं होतं, म्हणून तर घेणाऱ्याचंही नाव त्यात आहे.

व्यवहारातही हे महागात पडतं. ती अक्षरं घालवणारं जे फुकटचं साधन असतं, ते चालवण्यासाठी आधी मशीनचा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. दाराचं कुलूप काढून चोराला म्हणायचं, तू फक्त खिडकीची काच पुस आणि जा.

तर पहिलं मत हे: विंडोज चोरीचं असेल तर दहा की अकरा हा प्रश्नच उद्भवत नाही. एक तर रीतसर विकत घ्या, नाही तर जे मुळातच फुकट वाटलेलं आहे ते वापरा. त्याच्याकडे येतेच.

दुसरा प्रश्न मशीनच्या वयाचा. विंडोज ११ हे २०२१ च्या ऑक्टोबरात आलं. तुमचं विंडोज १० अस्सल असेल आणि मशीन पात्र असेल तर अकरावर जायला एक पैसा लागत नाही. हे दुकानदार क्वचितच सांगतो. पात्रतेच्या अटींमध्ये चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा या सोप्या आहेत. खरी अडचण दोन ठिकाणी येते, प्रोसेसरमध्ये आणि टीपीएम २.० नावाच्या सोयीत. टीपीएम म्हणजे मशीनमधली छोटी तिजोरी, कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती असते पण बंद करून ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायला जाणत्या माणसाला पाच मिनिटं लागतात, त्यासाठी पंचेचाळीस हजार लागत नाहीत.

प्रोसेसर ओळखायची एक सोपी खूण सांगते. इंटेलचा असेल तर आय-थ्री, आय-फाइव्ह याच्यापुढे एक आकडा असतो. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे अकराला चालतात, अलीकडचे नाहीत. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप गेले. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे, ते एका बटणावर हो की नाही सांगतं. ते चालवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

अपात्र मशीनवर युक्त्या करून अकरा बसवून देणारेही आहेत. ते बसतं. पण पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. मला तो मार्ग पटत नाही.

मधला एक मार्ग आहे आणि तो घाई टाळण्यासाठी फार चांगला आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ची सुरक्षा-अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केली आहेत. तीस डॉलर भरून ती मिळतात, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून आपली सेटिंग त्यांच्याकडे साठवायला परवानगी दिली तर पैसे न देताही. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं, म्हणजे वन्संचा, जाऊबाईंचा, सासऱ्यांचा सगळा गोतावळा त्यात बसला. फुकटात आपली माहिती देऊन बसायची का, असं काहींना वाटेल. मलाही ते फार आवडत नाही, पण वर्षभर विचार करायला सवड मिळते, आणि धाकधुकीत केलेल्या खरेदीपेक्षा ते बरं. विंडोजच्या अपडेटच्या पानावरच नावनोंदणीचा दुवा दिसतो.

आता परिग्रहाबद्दल, कारण या विषयात आपल्याकडची माणसं दोन टोकांना जातात.

एक टोक म्हणजे "नवं आलंय ना, मग घेऊन टाकू." दहा बाह्य परिग्रहांत कॉम्प्युटर कुठे बसतो यावर आमच्या स्वाध्यायात एकदा बरीच गंमत झाली होती, कुणी कुप्य म्हणालं, कुणी भांड. कुठेही बसवा, परिमाण व्रत घेतलेल्या घरात एक नवा आला की एक गेला पाहिजे, आणि गेलेला कुठे जातो हे आपण पाहत नाही. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत दिसतो. पुढे दिल्लीत सीलमपूरला किंवा उत्तर प्रदेशात मुरादाबादला अशा मशीनचं काय होतं, याच्या बातम्या कित्येक वर्षं येत आहेत. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पाट्या ॲसिडमध्ये बुडवतात, राख आणि पाणी नदीकाठी. पृथ्वीकाय, अप्काय, वायुकाय, आणि तिथे हातमोज्यांशिवाय काम करणारी पोरं. तेही जीवच. आपण पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडणारी माणसं. चालणारं मशीन केवळ एका तारखेमुळे तिकडे पाठवणं ही माझ्या मते प्रमादचर्या आहे, अनर्थदंडाच्या यादीतली, निष्कारण होणारी.

आणि नवा लॅपटॉप आकाशातून पडत नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभरात हवेत जो कार्बन जातो त्याचा मोठा हिस्सा तो वापरण्यात नाही, तो बनवण्यातच जातो. खाणी, कारखाने, जहाजं. म्हणून जुना दोन-चार वर्षं जास्त वापरणं याला अर्थ आहे.

दुसरं टोक मात्र कंजूषपणाचं, आणि त्यालाही आपण अपरिग्रह म्हणतो. सून ऑनलाइन शिकवण्या घेते, मशीन उघडायला दहा मिनिटं लागतात, आणि घरातले ज्येष्ठ म्हणतात, "काय करायचाय नवा, साधेपणाने राहावं." साधेपणा स्वतःच्या वस्तूत करावा, दुसऱ्याच्या कामात नाही. वस्तू किती यापेक्षा वस्तूवरची मूर्च्छा, आसक्ती, हा परिग्रह असं आपण ऐकत आलोय. जुन्या गोष्टीलाही मूर्च्छा चिकटते. "माझं विंडोज, माझी सवय, मी नाही बदलणार," हीसुद्धा मूर्च्छाच की.

अशा संथ मशीनला बहुतेक वेळा वेगळंच औषध लागतं. आतली जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. नव्याच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ. हे आधी करून पाहा, मग प्रणालीचं बघू.

आता लिनक्स. मुलं सांगतात ते हेच. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम, पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलं. त्याचे अनेक अवतार आहेत: उबुंटू, मिंट, झोरिन. झोरिनने तर आपली अठरावी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ लाच आणली, विंडोज दहा संपलं त्याच दिवशी. धंद्याची नजर असावी तर अशी! विंडोजची सवय असलेल्या बाईला मी मिंट सुचवते. खाली डावीकडे मेनू, घड्याळ उजवीकडे, फोल्डर तसेच. चार जीबी रॅमवर नीट चालतं, आणि सध्याच्या बावीस क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

ते फुकट आहे म्हणून मला आवडतं असं नाही. ते ज्या पद्धतीने फुकट आहे ते आवडतं. मंदिराच्या कपाटातलं पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर दिसतं, मूल्य : स्वाध्याय. घ्या, वाचा, दुसऱ्याला द्या, हवं तर पुन्हा छापा. लिनक्सचा परवाना जवळपास तसाच आहे. प्रत काढून शेजारणीला दिली तर ती चोरी होत नाही, उलट तीच अपेक्षा आहे. शास्त्रदानाची सवय असलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं मुलं अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात, तेव्हा आपल्या पाठशाळेतल्या मुलांना ते झेपणार नाही असंही कुणी म्हणू नये.

पण मी कुणाला फसवणार नाही. ज्या घरात दुकानाचा हिशेब टॅलीवर आहे, तिथे ते मशीन लिनक्सवर नेऊ नका. टॅली विंडोजसाठी आहे. आडमार्गाने चालवणारे आहेत, पण मार्च अखेरीला अडलं तर घरातली शांती जाते. कोरल ड्रॉवर पत्रिका करणाऱ्यांचंही तेच, ते लिनक्सवर येत नाही. मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल नसतं, त्याऐवजी लिबरऑफिस असतं. ते त्याच फाइल उघडतं, पण सजवलेल्या कागदाची मांडणी कधी कधी हलते. प्रिंटरचं आधी तपासा. एचपीचे बरेचसे लावले की चालतात. पण घरोघरी दिसणारा कॅननचा छोटा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला जाणता माणूस आणि संयम दोन्ही लागतात, उत्तम क्षमेची परीक्षाच.

म्हणून तिसरा प्रश्न: त्या मशीनवर नेमकं होतं काय? आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सॲप, यूट्यूबवरची प्रवचनं, बँक, वीजबिल, मुलांचे अभ्यास, मराठी टायपिंग, फोटो. यादी इथेच संपत असेल तर हे सगळं ब्राउझरमध्ये होतं आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखाच. अशा घराने जुन्या मशीनसाठी नवं विंडोज शोधत बसू नये, मिंट घालावं. यादीत टॅली, कोरल किंवा मुलाच्या कॉलेजचं खास सॉफ्टवेअर आलं तर विंडोजच ठेवा, रीतसर ठेवा, आणि नवं मशीन घ्यावं लागलं तर खुशाल घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. आमच्याकडे तसंच आहे. दुकानाचा कॉम्प्युटर अकरावर, आणि घरातला २०१६ चा लॅपटॉप मिंटवर. हा लेख त्यावरच टाइप केलाय.

मिंटची एक मोठी सोय अशी की ते मशीनमध्ये न घालता चालवून पाहता येतं. पेनड्राइव्हवर उतरवायचं, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, आवाज, वायफाय, प्रिंटर, मराठी अक्षरं बघायची, नाही पटलं तर काढून घ्यायचं. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. साडी अंगावर टाकून आरशात बघण्यासारखं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आहेच, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी सोयही घालता येते. सत्तरीच्या सासूबाईंना बदल जड जाईल अशी काळजी असते. माझा अनुभव उलटा आहे. ज्येष्ठांना तीन गोष्टी लागतात: भक्तामर कुठे लावायचं, नातवाचा फोटो कुठे दिसतो, आणि अक्षर मोठं कसं करायचं. त्या पडद्यावर ठळक ठेवल्या की त्यांना प्रणालीचं नावसुद्धा नको असतं. त्रागा करतात ते चाळिशीतले पुरुष.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. तुम्ही अकरावर जा, मिंटवर जा, नवं घ्या, काहीही करा. जुन्या मराठी फाइलींचं काय?

आपल्या मंडळांकडे वीस-पंचवीस वर्षांचं टायपिंग पडून आहे. भजनसंग्रह, पूजांची पुस्तकं, आरत्या, चातुर्मासातल्या प्रवचनांचे सारांश, ज्येष्ठ बायकांनी सांगितलेल्या व्रतकथा. बहुतेक सगळं श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या काळी युनिकोड रुळलं नव्हतं, प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले आकडे दिले होते. म्हणून ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की णमोकार मंत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भुगा दिसतो. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे, तोच आता सगळे भंगारात काढायला निघालेत.

मूडबिद्रीची गोष्ट आठवा. धवला टीकेच्या ताडपत्री प्रती तिथे शतकानुशतकं होत्या, जुन्या कानडी लिपीत. दर्शन होत होतं, वाचणारे जवळजवळ उरले नव्हते. ग्रंथ होता आणि नव्हताही. मग त्यांच्या प्रती उतरवल्या गेल्या, दुसऱ्या लिपीत आणल्या गेल्या, आणि १९३९ मध्ये हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड छापून बाहेर आला तो आपल्या अमरावतीतून. दरवर्षी श्रुतपंचमीला आपण शास्त्रांना वेष्टन घालून मिरवणूक काढतो. त्याच मंडळाच्या कपाटातल्या सीडी आणि पेनड्राइव्हवरचं श्रुत कुणी उघडून बघितलंय?

माझी विनंती अशी की कुठलाही कॉम्प्युटर बदलण्याआधी, त्यातल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल युनिकोडमध्ये करून घ्या. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात. जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे चुकतात, म्हणून एकीने रूपांतर करायचं आणि दुसरीने छापील पुस्तकाशी ताडून वाचायचं. दुपारी दोन तास, चौघी-पाच जणी, एक चातुर्मास. स्वाध्यायच होतो तो. शिवाय प्रत्येक फाइलची एक पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मूळ कसं दिसत होतं ते कळेल. मूळ फाइलही टाकू नका.

आणखी एक, दानाबद्दल. नवा घेतल्यावर जुना बंद पडलेला कॉम्प्युटर पाठशाळेला "दान" करण्याची पद्धत सुरू झाली आहे. पाठशाळेच्या खोलीत असे धूळ खाणारे डबे मी बघितलेत. शिळा भात आपण मुनींच्या आहाराला काढत नाही. द्यायचा तर एसएसडी घालून, मिंट घालून, चालवून, मुलांना एकदा शिकवून द्या. ते जमत नसेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवरच अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे, आणि मोठ्या कंपन्या जुनं मशीन परत घेतात. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ग्राहकसेवेला फोन करून विचारा.

कुणालाही देण्याआधी फोटो आणि कागद बाहेरच्या डिस्कवर दोन ठिकाणी उतरवा, ब्राउझरमधले पासवर्ड काढा, आणि डिस्क नुसती डिलीट न करता पूर्ण पुसून घ्या. पुसायची म्हणजे काय करायचं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी येत्या चतुर्दशीला स्वाध्यायानंतर आपापला लॅपटॉप, चार्जर आणि आठ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं. मिंट चालवून बघायचं असेल तर तेही तिथेच बघू. जुन्या भजनांच्या सीडी असतील तर त्याही घेऊन या. सीडी चालवणारं एक मशीन मी मुद्दाम ठेवलेलं आहे.